डाव्या डोळ्याची खूण

१

माझ्या धाकट्याच्या, श्रीपादच्या, कॅमेऱ्यातून त्याचे शेवटचे फोटो गायब आहेत हे मला त्याच्या अकराव्याच्या दुपारी कळलं. पुरुष मंडळी चक्रतीर्थाच्या घाटावरून पिंड देऊन नुकतीच परतली होती.

आल्हादनं कॅमेरा मांडीवर पालथा घातला होता. हा आल्हाद म्हणजे श्रीपादचा शाळेपासूनचा दोस्त, उज्जैनच्या टावर चौकात त्याचा फोटोचा स्टुडिओ आहे. कॅमेऱ्याच्या तळाला एक चपटी कडी असते. ती अर्धी फिरवली की डब्याचं झाकण निघावं तसा अख्खा तळच हातात येतो. आत एका बाजूला बॅटरी आणि तिच्या शेजारी कार्डाची खाच. बॅटरी जागच्या जागी होती. खाच रिकामी होती.

“काकू, यात कार्ड नाहीये,” आल्हाद म्हणाला.

“कार्ड नाही मतलब?”

“मतलब फोटो नाहीत. सगळे फोटो त्या कार्डावरच असतात.”

गौरी, म्हणजे श्रीपादची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातलं पातेलं हललं नाही की वाजलं नाही. माझा थोरला, सुहास, कोपऱ्यात पंच्यानं डोकं पुसत होता, तो पुसतच राहिला. कोणी विचारलंसुद्धा नाही की असं कसं झालं. मला तेव्हाच खटकलं. घरातला साधा चिमटा सापडला नाही तर हीच माणसं घर डोक्यावर घेतात.

सुहासची बायको लेकीच्या बाळंतपणाला बंगलोरला अडकलेली. कॅमेऱ्याची थैली अकरा दिवस माझ्या खोलीत, माझ्या पलंगावरच्या खुंटीला टांगलेली. त्या खोलीत माझ्याखेरीज तीनच माणसं पाय ठेवत होती.

आणि तिघंही आत्ता माझ्यासमोर होती.

२

मला त्या फोटोंचं कौतुक नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. श्रीपाद शाळेत चित्रकला शिकवायचा. सहा वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून त्यानं तो काळा डबा गळ्यात बांधला. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, “या डब्यात डोळे घालून बस असाच, एक दिवस आंधळा होशील.” तो हसला. माझ्या बोलण्यावर हसणारा घरात तो एकटाच होता.

मग गेले गणपती आले. आमच्या मराठी मंडळात शेवटच्या दिवशी प्रसाद वाटायचा मान माझा असतो, तेवीस वर्षांपासून. श्रीपाद सरळ माझ्यासमोर आला. मी पंचखाद्य पुढे केलं. त्यानं हात पुढे केला नाही. थांबला नाही, बोलला नाही, माझ्या हातावरून नजर नेली आणि पुढे जाऊन दुसऱ्याशीच बोलायला लागला. चाळीस बायकांनी बघितलं. मी हाक मारली नाही. आईनं प्रसाद पुढे केला की लेकानं हात पुढे करायचा असतो, त्यात हाक कसली मारायची?

दुसऱ्या दिवशी मी गौरीला फोन केला. म्हटलं, त्याला सांग, माफी मागितल्याशिवाय माझी पायरी चढायची नाही.

तो आला नाही. पाच महिने आला नाही. त्याच्या नानाखेड्याहून माझ्या फ्रीगंजला यायला वेळ तो किती लागतो? उलट अधूनमधून तो नि गौरी माझ्या खिडकीच्या सामने, औषधाच्या दुकानापाशी येऊन उभे राहायचे. तो टक लावून वर बघायचा. मी दिसले तरी मान हलवायचा नाही. असा ताठा माझ्या पोटी कुठून जन्मला म्हणत मीही पाठ फिरवायचे.

आणि माघातल्या त्या मंगळवारी, सकाळी नऊला, पुलाच्या उतारावर मालाच्या लोडिंग गाडीनं त्याला उडवलं. गाडीवाला रडत रडत सांगत होता, हॉर्न दिला तर साहेब थबकले आणि बाजूला व्हायच्या ऐवजी सीधे माझ्या समोर आले.

तो उतार आमच्याच बाजूचा. तिथून एक रस्ता स्टेशनला जातो आणि एक माझ्या दाराशी येतो. सुहास म्हणतो, भोपाळला त्याचं प्रदर्शन ठरलंय, त्याच्या तयारीला गाडी पकडायला निघाला असेल. गौरी म्हणते, मला माहीत नाही, मी न्हाणीघरात होते. मला अकरा दिवस एकच गोष्ट पोखरत होती. माझा लेक त्या सकाळी माझ्याकडे येत होता की मला टाळून स्टेशनला चालला होता?

कॅमेरा त्याच्या गळ्यात होता. घरून पुलापर्यंत येताना कुठे, कशाचा, एखादा तरी फोटो त्यानं काढला असेल. त्यावरून काहीतरी कळलं असतं. मला एवढंच हवं होतं. तेवढंच कोणीतरी चोरलं होतं.

३

आल्हादला मी पहिला बसवला, समोर, चहा देऊन. चहा दिला की माणूस उठत नाही.

“तू घेतलंस?”

“काकू, मी कशाला घेऊ? मला तर उलट ते फोटो भोपाळला लावायचेत.”

“म्हणूनच विचारते आहे. ज्याला पाहिजे असतं तोच नेतो.”

“नेलं असतं तर तुमच्यासमोर झाकण उघडून रिकामी खाच दाखवली असती का? चुपचाप बसलो असतो ना.”

बोलणं बरोबर होतं. चेहऱ्यावर मी तसं दाखवलं नाही.

“मला हा डबा समजावून सांग,” मी म्हटलं. “एवढं काय होतं यात?”

त्यानं तो हातात दिला. वरवंट्यासारखा जड. पडल्यामुळे एक कोपरा चेपला होता, बाकी धडधाकट.

“हा रेंजफाइंडर, काकू. बाकीच्या कॅमेऱ्यात भिंगातून दिसतं. यात भिंगातून नाही बघायचं. ही वर, अगदी डाव्या कोपऱ्यात, छोटी खिडकी आहे, यातून बघायचं. आत पांढऱ्या रेघांची चौकट दिसते, तेवढं फोटोत येणार. आणि मधोमध एक फिकट चौकोन. त्या चौकोनात सगळं दोन-दोन दिसतं. माणसाला दोन नाकं, खांबाला जुळा खांब. भिंगाची कडी फिरवत जायचं. दोन चित्रं सरकत सरकत एकावर एक बसली की फोटो स्वच्छ येणार. मशीन यात काही करत नाही. जे काय करायचं ते डोळ्यानं.”

“मग लोक हा घेतात कशाला? मशीन करतं तो घ्यावा.”

“श्रीपादला पण मी हेच म्हणायचो. तो म्हणायचा, जुळवल्याशिवाय बघितल्यासारखं वाटत नाही.” आल्हादनं चहा खाली ठेवला. “आणि आवाज नाही याचा. बटण दाबलं की नुसती सुपारी फुटल्याएवढी चाहूल. सामनेवाल्याला पत्तासुद्धा लागत नाही.”

त्यानं भोपाळला जाणारे फोटो आणले होते. वरचे चार जुने, खालचे दहाबारा गेल्या पाच महिन्यांतले. घाटावरचे नाववाले, फुलवाल्या, एक पहिलवान. मी एकेक बघितला. जुन्या फोटोंतली माणसं मान वर करून बघत होती. श्रीपाद सहा फूट, त्याच्याकडे सगळं उज्जैन मान वर करूनच बघायचं. नव्या फोटोंतली माणसं खाली बघत होती. त्या पहिलवानाच्या तर नाकपुड्या दिसत होत्या.

“हे त्यानं बसून काढलेत?”

“नाही हो. पण त्याचा हात बदलला होता, हे खरं. हे सगळ्यात चांगले आहेत त्याचे.”

मी कॅमेरा उलटा केला. पाठीमागे काचेचा पडदा असतो, काढलेले फोटो बघायला. पडद्याच्या डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, बारीक चरे होते. नखाएवढ्या जागेत, एकावर एक, विणल्यासारखे.

“पडल्याचे असतील,” आल्हाद म्हणाला.

“पडल्याचा चरा लांब जातो. हे रोजचे आहेत.”

त्यानं कॅमेरा उजेडात धरून तिरपा केला. मग म्हणाला, “काकू, श्रीपादच्या कॅमेऱ्याची काच आरशासारखी असायची. तो कोणाला हातसुद्धा लावू देत नव्हता. मलासुद्धा नाही.”

४

सुहासला विचारायला वेळ लागत नाही. तो खोटं बोलताना चष्मा काढतो.

“थैली उघडली होतीस?”

त्यानं चष्मा काढला. “नाही.”

“चष्मा घाल आणि परत सांग.”

पन्नाशीचा माणूस, बँकेत चार जणांचा साहेब, लहान पोरासारखा माझ्या पलंगाच्या कडेला टेकला.

“पहिल्याच दिवशी उघडली होती, आई. चक्रतीर्थावरून आल्यावर. तू आत पडली होतीस. मला वाटलं, त्यानं शेवटचं काय बघितलं ते बघावं. पाच महिने मीही त्याच्याशी बोललो नव्हतो ना. तू बोलत नव्हतीस म्हणून.”

“माझ्यावर टाकू नकोस. मग?”

“कॅमेरा चालू केला. पडद्यावर लिहून आलं, कार्ड नाही.”

“पहिल्याच दिवशी?”

“हो. मला वाटलं मीच काही गडबड केली. परत टांगून ठेवला.”

“त्याआधी थैली कोणाकोणाच्या हातात होती?”

“कोणाच्याच नाही. दवाखान्यातल्या बाईंनी मला दिली. गौरी पोचली त्याच्या तासाभरानं. तेव्हापासून गाडीत, माझ्या पायाशी. घरी आणून मीच खुंटीला अडकवली.”

सुहासला मी जन्मापासून ओळखते. तो खरं बोलत होता.

आता बघा. आल्हाद घरी पहिल्यांदा आला चौथ्या दिवशी, तेव्हा तो सुटला. सुहास सुटला. गौरीच्या हातात थैली गेलीच नाही. उरला रस्ता. पण रस्त्यावरचा चोर असा कसा, जो पडलेल्या माणसाच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याची कडी फिरवतो, तळ काढतो, कार्ड घेतो, तळ परत लावतो, आणि एवढा मोलाचा कॅमेरा सोडून जातो?

असा चोर नसतो. म्हणजे कार्ड कोणी चोरलंच नव्हतं. ते त्या सकाळी कॅमेऱ्यात नव्हतंच.

माझा लेक रिकामा कॅमेरा गळ्यात घालून घराबाहेर पडला होता. कशासाठी?

५

त्याच दुपारी जेवणं आटोपून सगळे जरा लवंडल्यावर मी खोलीचं दार लोटलं आणि कॅमेरा खुंटीवरून काढला.

उजवा डोळा त्या खिडकीला लावला. खिडकी पार डाव्या टोकाला, म्हणून नाक कॅमेऱ्याच्या बाहेर मोकळं राहिलं. असा बघणारा माणूस शंभर वर्षं बघत राहिला तरी मागची काच स्वच्छ. म्हणजे श्रीपाद उजव्या डोळ्यानं बघायचा; आल्हाद म्हणालाच होता ना, काच आरशासारखी असायची.

मग डावा डोळा लावला. नाक सरळ जाऊन काचेवर दाबलं गेलं. थंडगार. माझ्या डाव्या नाकपुडीला, जिथे माझं भोक आहे तिथे, काच टेकली. हे गेले तेव्हा मी चमकी काढली, त्याला नऊ वर्षं झाली, भोक अजून बुजलं नाही.

मी तशीच उठून स्वयंपाकघरातल्या डब्यातून चिमूटभर पीठ आणलं. डाव्या नाकपुडीला, भोकावर, टिकलीएवढं लावलं. परत डाव्या डोळ्यानं बघितलं, दाबून. कॅमेरा फिरवून बघितला तर पांढरा ठिपका बरोबर त्या चऱ्यांवर बसला होता.

चमकीचे चरे. एकदा बघून एखादा पडतो. इथे शेकड्यानं होते.

गौरीची चमकी हिऱ्याची, मीच तिच्या लग्नात घातलेली. हिरा काचेला सोडत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ती आपणहून काढली. मी सांगितलं नव्हतं. काढू नकोस असंही म्हटलं नाही.

ती खाली बसून तांदूळ निवडत होती. मी समोर पाट घेतला. माझ्या नाकावर पीठ होतं, तिनं बघितलं, पण मला सांगायची कोणाची हिंमत असते?

“गौरी, सुई ओवताना तू कुठला डोळा मिटतेस?”

“उजवा,” ती म्हणाली. “का हो आई?”

“आणि फोटो काढताना?”

तिची बोटं तांदळात थांबली.

६

मग मीच बोलले.

“काचेवर तुझ्या चमकीचे चरे आहेत. आल्हादच्या हातातल्या फोटोंत माणसं खाली बघतायत. तू श्रीपादच्या खांद्याला लागतेस. म्हणजे गेले पाच महिने फोटो तू काढलेस. खरं की नाही?”

“आई, नाव त्यांचंच राहू द्या. मला नको. भोपाळला त्यांचंच—”

“नावाचं राहू दे बाजूला. जो माणूस आल्हादला कॅमेऱ्याला शिवू देत नव्हता, त्यानं तो तुझ्या हातात का दिला? त्या खिडकीत मधोमध एक चौकोन आहे. त्यात दोन चित्रं जुळवावी लागतात. ते ज्याला जमेनासं होतं तोच दुसऱ्याला देतो.” मी कॅमेरा दोघींच्या मध्ये ठेवला. “त्याला दिसत नव्हतं.”

गौरीनं सूप बाजूला सरकवलं.

“मधलं दिसायचं नाही,” ती म्हणाली. “कडेचं दिसायचं. भिंत, दार, रस्ता, चालणं-फिरणं होऊन जायचं. बरोबर मध्ये एक काळा डाग. समोर जे काय असेल ते त्या डागात. माणसांची तोंडं गेली होती सगळी. जूनमध्ये उजवा डोळा, गणपतीच्या आधी डावा. इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याची नस सुकत चाललीय, इलाज नाही.”

बरोबर मध्ये. म्हणजे तो लोडिंगवाला खोटं बोलत नव्हता. आणि गणपतीत मी तूप लागलेला प्रसादाचा हात त्याच्यापुढे धरला होता, छातीसमोर, बरोबर मध्ये. एक हाक मारली असती तर त्यानं आवाजावरून हात पुढे केला असता. शब्दसुद्धा नको होता. नुसतं खाकरले असते तरी चाललं असतं.

“दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं त्यांना,” गौरी म्हणाली, “की आईंचा हात तसाच राहिला. ते लगेच निघाले होते तुमच्याकडे यायला. चप्पल घालत होते. तेवढ्यात तुमचा फोन आला.”

“मग सांगायचं नाही मला? मी काय हसले असते? त्याला काय वाटलं, आई म्हणेल, बघ, मी म्हटलं होतं?”

“उलटं हो आई. तुम्ही म्हणाला होता, या डब्यानं आंधळा होशील. डॉक्टर म्हणाले, कॅमेऱ्याशी याचा काही संबंध नाही, ही रक्तातली गोष्ट. पण ते म्हणाले, आई डॉक्टरचं ऐकणार नाही. तिला वाटेल, माझ्या तोंडून निघालं म्हणून झालं. ती रोज स्वतःला खाईल. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेली बरी, रागावली की जेवते तरी नीट.”

खरं आहे. मी डॉक्टरचं नसतं ऐकलं. आजही ऐकत नाही.

बाहेर सुहासच्या खोलीतला पंखा घरघरत होता. मी पदरानं तोंड पुसलं, तेव्हा नाकावरचं पीठ पदराला लागलं.

“कार्ड तुझ्याकडे आहे,” मी म्हटलं.

“आहे.”

“आण.”

“आई, ते नका मागू,” गौरी म्हणाली. “दुसरं काहीही मागा.”

७

तिनं ते कंबरेच्या रुमालातून काढलं. रुमालात दोनच वस्तू होत्या, तिची चमकी आणि ते कार्ड. कार्ड तिनं खाचेत घातलं, तळ बसवला, कडी फिरवली, डोळ्यांनी न बघता, सवयीनं. पडदा उजळला. तिच्याच चमकीच्या चऱ्यांमधून मी बघायला लागले.

आधी घाट, नावा, कबुतरं. मग माझी खिडकी.

“सामनेच्या दुकानापाशी उभे राहायचो,” ती म्हणाली. “भिंगाला खाली एक खटका असतो, बोट ठेवायला. ते पावलं मोजायचे, अठरा हात म्हणायचे, आणि बोटानं खटका बरोबर तिथे आणायचे. मग मी बघायची, दोन खिडक्यांची एक झाली का ते. झाली म्हटलं की म्हणायचे, घे.”

ती पुढे सरकवत गेली. जांभळं इरकल, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. मातकट सुती, ती मी एकादशीला नेसते. हिरवी काठाची, त्या दिवशी मंडळाची मीटिंग होती. एकवीस फोटो होते, मी मोजले. माझी साडी ओळखू येत होती, अंबाडा ओळखू येत होता, पाठीवरचा ब्लाउजचा उसवलेला टाका दिसत होता एवढे स्वच्छ. एकाही फोटोत माझं तोंड नव्हतं.

माझ्या लेकानं माझे एकवीस फोटो घेतले आणि एकवीस वेळा मी त्याला पाठ दाखवली होती.

“तो विचारत नव्हता, आई काय करते आहे म्हणून?”

“दर वेळी विचारायचे.”

“काय सांगायचीस?”

“काहीही. एकदा म्हटलं, केस विंचरतायत. एकदा म्हटलं, पडदा धुऊन वाळत घालतायत.” ती अडखळली. “एकदा म्हटलं, तुमच्याकडे बघून हसल्या.”

“मी?”

“हो.”

“विश्वास बसला त्याचा?”

“पहिल्यांदा नाही बसला.”

शेवटचा फोटो सोमवारचा होता, तो गेला त्याच्या आदल्या दिवसाचा. त्यात माझी अर्धीच पाठ होती आणि हात खिडकीच्या दारावर. मी खिडकी लावून घेत होते. मला तो दिवस आठवतो. दोघांना बघून मी अशी आपटली होती की काचेचा तुकडा पडला.

“हा हात,” गौरी म्हणाली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. मी थांबले. घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. “त्यांनी विचारलं, काय करते आहे. कडेनं त्यांना काहीतरी हललेलं जाणवलं होतं. मी म्हटलं, हात करतायत. ये म्हणतायत.”

“असं म्हणालीस.”

“त्यांचं तोंड बघितलं असतं ना आई, तर तुम्हीही म्हणाला असता. संध्याकाळभर त्या खटक्याशी खेळत बसले. म्हणाले, हा शेवटपर्यंत फिरवला की अडतो, आणि तिथे हात लांब करावा एवढंच अंतर असतं. यापेक्षा जवळचं याला दिसत नाही, आणि एवढ्या जवळ आई उभी राहिली तर मला डोळे नकोत. मी माझ्या हातानं तिचा फोटो काढीन. मी म्हटलं, उद्या मी नेते तुम्हाला. सकाळी मी न्हाणीघरात गेली आणि हे निघून गेले. एकटेच. कार्ड मी रात्री काँप्युटरला लावलं होतं, ते त्यांना मालूम नव्हतं.”

तांदळाच्या सुपात एक मुंगी चालली होती. गौरी तिच्याकडे बघत होती.

“मी खोटं बोलली म्हणून ते गेले, आई. तुम्ही विचारत होता, कुठे निघाला होता. सांगितलं असतं तुमच्याकडेच, तर तुम्ही विचारलं असतं, कोणी बोलावलं त्याला. मग काय सांगणार होती मी?”

मी तिला काय म्हणणार? तिनं त्याला एक खोटा हात दाखवला. खरा हात माझ्याजवळ होता आणि मी तो खिडकी लावायला वापरला. दोघींतली कोणाची चूक मोठी हे ठरवायला मी बसले असते, तर निकाल माझ्याविरुद्ध गेला असता, आणि तो देणारीही मीच असते. मी कडी फिरवली, तळ काढला. तिनं केलं तसं मला सवयीनं जमलं नाही, दोनदा अडकलं. कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटली.

“पुसायचं नाही हे,” मी म्हटलं. “एकही पुसायचा नाही. पण दाखवायचे नाहीत कोणाला.”

एवढ्यात सुहास चष्मा पुसत दारात आला. आम्हा दोघींना असं जमिनीवर, मध्ये कॅमेरा ठेवून बसलेलं बघून तो थबकला.

“कार्डाचं काही कळलं?”

“नाही. आणि आता शोधायचं नाही.”

“अगं पण तुलाच ना हवं होतं? कुठे निघाला होता ते कळावं म्हणून?”

“ते मला माहीत आहे,” मी म्हटलं. “माझ्याकडे येत होता. आदल्या दिवशी खिडकीतून मी हात केला होता त्याला. ये म्हटलं होतं.”

गौरीनं मान वर केली नाही. तिची मूठ पदराआड गेली. सुहास माझ्याकडे बघत राहिला. खोटं बोलताना मी काय करते हे त्याला माहीत नाही, कारण त्याच्यासमोर मी कधी खोटं बोललेच नव्हते.

“तू बोलावलं होतंस?” तो उंबऱ्यावरच बसला. “आई, अकरा दिवस झाले. मग सांगितलं का नाहीस आम्हाला?”

“विचारलं कोणी?” मी म्हटलं, आणि तांदळाचं सूप पुढे ओढून घेतलं.